बिनट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प्लिफायर

आइंडहोव्हनला आल्यावर मला जे ओळखपत्र मिळालं, त्यावर मी या देशात कशासाठी आहे ते डचमध्ये छापलेलं होतं. नवऱ्याने फोनवर भाषांतर करून सांगितलं: जोडीदाराजवळ राहण्यासाठी. काम करायला परवानगी होती, फक्त काम नव्हतं. त्याआधी आठ वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात पॉवर सप्लाय दुरुस्त करत होते. रोज वीस-पंचवीस जळके बोर्ड टेबलावर यायचे आणि संध्याकाळी घरी निघेपर्यंत त्यातले बहुतेक जिवंत झालेले असायचे. इथे सकाळी डबा भरून दिला की जिवंत करण्यासारखं घरात काही उरत नसे.

नवरा चिप बनवणारी यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत आहे. तिथे केसाच्या जाडीचा लाखावा भाग इकडचा तिकडे झाला तर बारा माणसं तीन तास मीटिंग घेतात. घरी मात्र पडद्याच्या रॉडसाठी त्याने पाडलेलं भोक दोन सेंटिमीटर खाली गेलं, आणि आमचा पडदा अजून एका बाजूला कललेला आहे. त्याला आवाजाचा शौक आहे. गाण्याचा नव्हे, आवाजाचा. त्याचे चार मित्र, सगळे पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. एखादं गाणं त्यांनी पूर्ण ऐकलेलं मी पाहिलेलं नाही. पहिली दोन मिनिटं ऐकतात, 'बास जरा सैल वाटतोय' म्हणतात आणि केबल बदलून तेच गाणं परत पहिल्यापासून लावतात.

मी डचच्या वर्गाला जात होते. वर्गातल्या बाईंनी सांगितलं, भाषा यायला हवी तर कुठेतरी स्वयंसेवक म्हणून काम करा. म्हणून मी आमच्या वस्तीतल्या रिपेअर कॅफेत गेले. महिन्यातून दोन शनिवारी वस्तीच्या समाजगृहात, इथे त्याला बुर्टहाउस म्हणतात, लोक बिघडलेल्या वस्तू घेऊन येतात आणि निवृत्त मंडळी त्या फुकट दुरुस्त करून देतात. निदान दुरुस्तीला घेतात. मी फॉर्म भरला. 'कौशल्य' या रकान्यात इलेक्ट्रॉनिक्स लिहिलं, खाली रेघ मारली.

तिथल्या संयोजक बाई अतिशय प्रेमळ. त्यांनी फॉर्म हातात घेतला, माझ्या कुर्त्याकडे पाहिलं आणि मला शिवणाच्या टेबलापाशी नेऊन बसवलं.

"तुमच्याकडे कापडं किती सुंदर असतात," त्या म्हणाल्या.

"मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय," मी म्हटलं.

"अरे वा. हे शिवणयंत्रही इलेक्ट्रॉनिकच आहे."

पहिल्या शनिवारी माझ्याकडे जीन्सची झिप बदलायचं काम आलं. मला झिप लावता येते आणि उघडता येते, त्यापलीकडे माझं ज्ञान जात नाही. मी ती इतक्या हळू उसवली की मालकीणबाई कॉफी पिऊन, दुसरी कॉफी पिऊन, 'पुढच्या वेळी नेईन' असं सांगून निघून गेल्या. दुसऱ्या शनिवारी शिवणयंत्रच बंद पडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पायाखालचं पेडल उघडलं, आतला फुटलेला कपॅसिटर बदलला आणि यंत्र चालू करून दिलं. संयोजक बाईंना फार कौतुक वाटलं. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की शिवणविभाग आता स्वावलंबी झाला आहे.

पलीकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या टेबलावर तीन जण बसत. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ते फारसं बोलत नसत. एक उंच, सडसडीत, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेले. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं. मी त्यांना मनातल्या मनात 'मास्तर' म्हणायला लागले आणि तेच पुढे कायम झालं. तिसरा एक सीरियन माणूस, माझ्याच वयाचा. तो हातात स्क्रूड्रायव्हर धरून पाहुण्यासारखा अवघडून बसलेला असे. तिसऱ्या शनिवारी कॉफीच्या रांगेत मी त्याला विचारलं, तू काय करत होतास तिकडे? तो म्हणाला, "अलेप्पोमध्ये आमचं शिंप्याचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं. कोट शिवायचो." फॉर्मवर त्यानेही तसं लिहिलं होतं. पण पुरुष माणूस म्हटल्यावर त्याला इलेक्ट्रॉनिक्सला बसवलं होतं.

त्याच दिवशी एक आजी रेडिओ घेऊन आल्या. लाकडी पेटीचा, ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा, साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा. इथल्याच कारखान्यात तयार झालेला, आणि त्यांचे यजमान त्या कारखान्यात होते. दिवे लागत होते, पण आवाज मात्र भिंतीपलीकडून कुणी कुजबुजावं तसा. जुना स्पीकर फाटला म्हणून जावयाने नवा घातला होता आणि तेव्हापासून रेडिओ असा कुजबुजतोय, असं आजी म्हणाल्या. फेकून देणं या लोकांच्या रक्तात नसल्यामुळे जुना फाटका स्पीकरही त्यांनी पिशवीतून आणला होता.

मास्तरांनी मागचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि बराच वेळ पाहून निकाल दिला.

"आउटपुट ट्रान्सफॉर्मर नाहीये. कुणीतरी काढून घेतलाय."

"माझा जावई तसा नाही," आजी म्हणाल्या.

"मी जावयाबद्दल बोलत नाही, मॅडम. मी वस्तुस्थिती सांगतोय. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असावाच लागतो. इथे नाही. म्हणजे तो चोरीला गेला."

तसं पाहिलं तर मास्तरांचं बरोबर होतं. व्हॉल्व्ह भरपूर व्होल्टेज देतो आणि करंट जेमतेम. स्पीकरला हवं असतं नेमकं उलटं. दोघांचं जमत नाही म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर घालतात, आणि तो दोघांनाही समजेल असं काहीतरी बोलून संसार चालवतो. आमच्या तंत्रनिकेतनात हे सगळं मला शिकवलं गेलं होतं, कारण जगात व्हॉल्व्ह संपले आहेत ही बातमी आमच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली नव्हती. मी झिप खाली ठेवली, उठून तिकडे गेले आणि आजींच्या पिशवीतला फाटका स्पीकर उलटा करून पाहिला. मागच्या लोखंडावर आकडा कोरलेला होता: ८०० ओहम.

साधा स्पीकर चार नाहीतर आठ ओहमचा असतो. मी मास्तरांपुढे तो धरला.

"ट्रान्सफॉर्मर कधी नव्हताच," मी माझ्या मोडक्या डचमध्ये म्हटलं. "स्पीकरच असा बनवलाय की व्हॉल्व्हला थेट जोडता येईल. जावयाने चार ओहमचा घातला म्हणून आवाज गेला."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला, आकडा वाचला, चष्मा खाली घेऊन परत वाचला. रेल्वेच्या गृहस्थांनी त्या दिवसातलं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं: "बाई बरोबर बोलतायत."

"वाईट नाही," मास्तर म्हणाले. डच माणूस एवढं म्हणाला की समजायचं, आपल्याकडे शाल-श्रीफळ दिलं असतं.

स्पीकरच्या फाटलेल्या कागदी कोनाला मी कॉफी फिल्टरचा कागद पांढऱ्या गोंदाने चिकटवला. वाळेपर्यंत आजींना थांबवून ठेवलं. जुना स्पीकर परत जोडला आणि बटण फिरवलं तर हॉलभर कुणीतरी वृद्ध गायक गायला लागला. आजी पेटीवर हात ठेवून गाणं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. एखादं गाणं कुणी शेवटपर्यंत ऐकताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

मी आणि सीरियन शिंप्याने त्याच दुपारी आपापल्या खुर्च्या बदलल्या. त्याने माझी जीन्सची झिप सात मिनिटांत लावून टाकली. संयोजक बाई जरा कासावीस झाल्या. "असं अचानक करता येत नाही, वेळापत्रक जूनपर्यंत छापलेलं आहे," त्या म्हणाल्या. हा विषय पुढच्या सभेत मांडू, असं ठरलं. त्यामुळे जूनपर्यंत मी कागदोपत्री शिवणविभागातच होते, आणि धाग्यांच्या रिळांबद्दलचे सगळे ईमेल मला येत होते.

दोन आठवड्यांनी मास्तरांनी विचारलं, मंगळवारी सकाळी दहा वाजता तुमच्या घरी कॉफीला आलं तर चालेल का. आले ते दहाच्या ठोक्याला, सायकलच्या मागे एक खोकं बांधून. खोक्यात जुन्या टीव्हीतले वीसेक मोठे व्हॉल्व्ह वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते. सोबत त्यांनी एक जाडजूड फाईलही टेबलावर ठेवली.

"हा अ‍ॅम्प्लिफायर मी चाळीस वर्षं डिझाइन करतोय," ते म्हणाले. "व्हॉल्व्हचा, पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवाय. आजींच्या रेडिओसारखाच, पण साध्या स्पीकरसाठी. एका व्हॉल्व्हचा करंट पुरत नाही, म्हणून डाव्या-उजव्या प्रत्येक स्पीकरसाठी चार-चार व्हॉल्व्ह खांद्याला खांदा लावून."

"मग बांधला का नाही?"

"गणित अजून पूर्ण झालेलं नाही."

फाईलमध्ये दोनशेच्या वर पानं होती. सुबक अक्षर, पेन्सिल, प्रत्येक पानावर तारीख आणि सही. मी वाचत गेले. बहुतेक सगळं बरोबर होतं. एक गोष्ट तर मला इतकी आवडली की मी ती दोनदा वाचली. या व्हॉल्व्हच्या फिलामेंटला, म्हणजे आत तापणाऱ्या तारेला, सत्तावीस व्होल्ट लागतात. असे आठ ओळीने जोडले की दोनशे सोळा. भिंतीतल्या प्लगमध्ये दोनशे तीस येतात. म्हणजे गणपतीच्या मखराला लावतो तशी आठ व्हॉल्व्हची माळ करायची, राहिलेले चौदा व्होल्ट एका छोट्या रेझिस्टरला द्यायचे आणि माळ सरळ भिंतीला लावायची.

"मी बांधते," मी म्हटलं.

"पण गणित..."

"बांधता बांधता पूर्ण करू."

मास्तरांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते आनंद म्हणावं असं नव्हतं. चाळीस वर्षं मुलीसाठी स्थळं पाहणाऱ्या बापाला कुणी एकदम 'उद्याचा मुहूर्त आहे' म्हणावं, तसं काहीतरी होतं.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं तो धोक्याचं काहीतरी बोलेल. पण 'ट्रान्सफॉर्मरशिवाय' हा शब्द ऐकताच तो खुर्चीतून उठलाच. त्याच्या मित्रमंडळात अशा अ‍ॅम्प्लिफायरबद्दल फार आदराने बोललं जायचं, कारण तो कुणीच ऐकलेला नव्हता.

"आपण हे नीट करू," तो म्हणाला. "आधी रिक्वायरमेंट्स फ्रीझ करायला हव्यात."

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर परत आले, पुन्हा दहाच्या ठोक्याला, आणि या दोघांची पहिली मीटिंग झाली. मला भीती होती की यांचं जमणार नाही. ती अगदीच खोटी ठरली. मास्तरांनी अजेंडा आणला होता, नवऱ्याने प्रेझेंटेशन केलं होतं. दोघांनी एकमेकांकडे असं पाहिलं, जसं काही लहानपणी हरवलेले भाऊ भेटले. अडीच तासांनंतर प्रकल्पाचे टप्पे ठरले, इतिवृत्त कुणी लिहायचं ते ठरलं आणि पुढच्या मीटिंगची तारीख ठरली. नवऱ्याने धोक्यांचा तक्ताही केला होता. धोका क्रमांक एक: व्हॉल्व्हच्या डोक्यावरच्या धातूच्या टोपीला हात लागून तीनशे व्होल्टचा शॉक बसणे. शक्यता: मध्यम. परिणाम: गंभीर. जबाबदार व्यक्ती या रकान्यात माझं नाव होतं.

"बांधायला कधी घेऊ?" मी विचारलं.

"तिसऱ्या टप्प्यात," दोघे एकदम म्हणाले.

त्यांचा पहिला टप्पा चालू असताना मी बांधायला घेतलं. पेटीसाठी जुन्या वस्तूंच्या दुकानातून ओव्हनचा एक जाड ट्रे आणला, आठ भोकं पाडली, पालथा केला. सोमवार ते गुरुवार सकाळी नवरा सायकलवर बसून दिसेनासा झाला की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरायची आणि सोल्डरिंग गन तापवायची. वितळलेल्या सोल्डरचा तो वास, कॅफेतल्यासारखा मिनिटभराचा नव्हे, भोसरीतल्यासारखा सकाळभराचा, वर्षभराने नाकात गेला आणि मला जरा वेळ काहीच करवेना. खिडकीबाहेर शेजारीण बागेतल्या कुंड्या धूत होती. तिने हात हलवला, मी गन हलवली.

तीन आठवड्यांत अ‍ॅम्प्लिफायर उभा राहिला. त्या तीन आठवड्यांत मीटिंगमध्ये दोन मोठे निर्णय झाले: स्क्रू पितळी असावेत, आणि पुढच्या पट्टीचा रंग करडा नसावा.

एका बुधवारी मी तो पहिल्यांदा लावला. स्पीकर न जोडता, नुसताच. आधी माळ पेटली. आठ व्हॉल्व्ह हळूहळू नारिंगी झाले आणि मला फार बरं वाटलं. मग मोठं व्होल्टेज चालू केलं. अर्ध्या मिनिटात व्हॉल्व्हच्या आतले काळे पत्रे तांबूस व्हायला लागले, मग लाल. हे दिसायला सुंदर असतं आणि त्याचा अर्थ व्हॉल्व्ह मरायला टेकलाय असा असतो. मी प्लग ओढला.

फाईल काढून बसले. दुपारी दोनपर्यंत सापडलं. एका जागी मास्तरांनी व्होल्टेज एका तक्त्यातून घेतलं होतं आणि करंट दुसऱ्या, त्याहून जुन्या तक्त्यातून. त्यामुळे व्हॉल्व्हला लगाम घालणारा रेझिस्टर चुकीचा निघत होता. त्यांनी तेहतीस हजार ओहमचा लिहिला होता, हवा होता सत्तेचाळीस हजारांचा. मी तो बदलला. परत लावला. पत्रे काळेच राहिले. मी चहा केला आणि याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं, कारण सांगितलं असतं तर त्यावर मीटिंग झाली असती.

स्पीकरचा प्रश्न मात्र लपवता येईना. नवऱ्याचे स्पीकर आमच्या घरातल्या सगळ्यांत प्रतिष्ठित वस्तू आहेत. त्यांच्यासाठी सोफा भिंतीपासून दीड मीटर पुढे, खोलीच्या मधोमध आहे, आणि पाहुण्यांना त्याला वळसा घालून यावं लागतं. पण ते चार ओहमचे, म्हणजे भरपूर करंट मागणारे. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला त्यांच्यापुढे धाप लागत होती.

"म्हणजे माझे स्पीकर वाईट आहेत?" नवऱ्याने विचारलं.

"वाईट नाहीत. याला झेपत नाहीत."

"मग याला झेपतील असं काहीतरी कर."

"ट्रान्सफॉर्मर घालू?"

शेवटी स्पीकर मिळाले ते एका जुन्या ऑर्गनमधून. या देशात एका पिढीने घरोघरी टेबलाएवढे इलेक्ट्रिक ऑर्गन घेऊन ठेवले आणि आता त्यांची मुलं ते फुकट देतात, फक्त तुम्ही जिन्यावरून खाली उतरवून न्यायचे. त्यातले दोन सोळा ओहमचे स्पीकर मी काढले आणि प्लायवुडच्या पेटीत बसवले. त्यांच्याकडे पाहून नवऱ्याला वाईट वाटलं. ऐकल्यावर त्याला आणखी वाईट वाटलं, कारण ते चांगले वाजत होते. त्या दिवशी त्याने जेवण होईपर्यंत एकही केबल बदलली नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मित्रमंडळ आमच्याकडे यायचं ठरलं. मास्तरांनाही बोलावलं. वेळ दोनची. मास्तर दोनला आले. मंडळी सव्वातीनला आली. मधल्या वेळात मास्तरांनी चार बटाटेवडे खाल्ले आणि प्रत्येक वड्यानंतर घड्याळाकडे पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

आठ व्हॉल्व्ह पेटलेले होते. हीटर बंद ठेवूनही खोली इतकी गरम झाली की मंडळींनी एकेक करून जॅकेटं, मग स्वेटर काढले. पहिला प्रश्न आला, "ट्रान्सफॉर्मर नाही म्हणतोस, मग हा मागे लोखंडाचा ठोकळा कसला?" तो वीजपुरवठ्याचा होता, सहा किलोचा, आणि तो असतोच. नवऱ्याने यासाठी वेगळी स्लाइड केली होती. मग एक जुनी बंदिश लावली. सगळ्यांनी डोळे मिटले. दोन मिनिटांनी एक जण म्हणाला, "तानपुरा वेगळा दिसतोय." दुसरा म्हणाला, "स्टेज रुंद झालं." तिसऱ्याने नुसतीच मान हलवली, आणि तो या बाबतीत सगळ्यांत अधिकारी मानला जातो.

"हॅट्स ऑफ, यार," पहिला नवऱ्याला म्हणाला. "नोकरी सांभाळून एवढं केलंस."

नवरा हसला. नाही म्हणाला नाही. हो सुद्धा म्हणाला नाही. तो असा हसला, जसं फोटो काढताना हसतात.

"वहिनी, तुम्हाला त्रास झाला असेल या सगळ्या पसाऱ्याचा," दुसरा माझ्याकडे वळून म्हणाला.

"सवय आहे," मी म्हटलं आणि आणखी वडे आणायला स्वयंपाकघरात गेले. तिथे मी तेलाकडे पाहत उभी राहिले. राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. नवऱ्यावर काढला असता तर तो म्हणाला असता, मी कुठे काय बोललो. आणि ते खरंच होतं.

परत आले तेव्हा मास्तर सोफ्यावरून उठले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण कोण कुणाला हात मिळवतंय ते दिसत होतं.

"मला खालची बाजू पाहायची आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

मंडळी वरच्या नारिंगी दिव्यांचे फोटो काढत होती. अ‍ॅम्प्लिफायरला खालची बाजू असते हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. मी प्लग काढला, गार होऊ दिला, कपॅसिटरमधला उरलेला चार्ज रेझिस्टर लावून उतरवला आणि ट्रे उलटा केला. मास्तरांनी खिशातून टॉर्च काढला आणि माझा एकेक जोड पाहत गेले. बराच वेळ.

"हा जोड ज्याने केलाय त्याने असे हजारो केलेत," ते म्हणाले. मग टॉर्च एका जागी थांबला. "हा रेझिस्टर माझा नाही. मी तेहतीस लिहिला होता."

"व्हॉल्व्ह लाल झाले," मी म्हटलं. "तुमचे दोन तक्ते वेगवेगळ्या वर्षांचे होते."

मास्तरांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुधा आकडे. मग डोळे उघडले.

"बरोबर. मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मीटिंग घेतली असती."

मास्तर हसायला लागले. मी त्यांना तोवर हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, एक श्रवणयंत्र निसटून खांद्यावर पडलं. ते उचलून कानात घालत त्यांनी मंडळींकडे पाहिलं आणि डच लोक बोलतात तसं, म्हणजे हवामान सांगावं तसं म्हणाले, "सद्गृहस्थहो, हा अ‍ॅम्प्लिफायर या बाईंनी बांधलाय. त्यांच्या नवऱ्याने एक तक्ता केलाय. मी एक चूक केलीय."

सगळे नवऱ्याकडे बघायला लागले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पितळी स्क्रू मी मागवले होते," तो म्हणाला. मग जरा थांबून, मराठीत, "मघाशीच सांगायला हवं होतं. सगळं हिनेच केलंय. मला यातलं बांधता काही येत नाही." तो खाली ट्रेकडे पाहत बोलत होता, पण बोलला. मी त्याला शेवटचा वडा दिला. त्याच्यावरचा राग तेवढाच होता.

अधिकारी मानल्या जाणाऱ्या मित्राने मग मला एक प्रश्न विचारला, त्या दुपारचा एकमेव चांगला प्रश्न: एखादा व्हॉल्व्ह गेला तर स्पीकर जळणार नाही का? मी त्याला फ्यूज दाखवला. तो गुडघ्यांवर बसून पाहत राहिला. जाताना म्हणाला, "आमच्या लॅबमध्ये पॉवर सप्लाय दुरुस्त करायला माणूस मिळत नाहीये. सगळ्यांना नवे डिझाइन करायचे असतात. तुम्ही अर्ज कराल का?"

मी अर्ज केला. मुलाखतीत त्यांनी विचारलं, नेदरलँड्समधला काही अनुभव? मी ट्रेच्या खालच्या बाजूचा फोटो दाखवला. समोरच्या बाईंनी तो फोन हातात घेऊन मोठा करून पाहिला आणि मग पगाराचं बोलणं काढलं. मे महिन्यापासून मी जायला लागले. संयोजक बाईंना वाईट वाटलं. जूनच्या सभेत माझी इलेक्ट्रॉनिक्स विभागात बदली मंजूर होणारच होती, असं त्यांनी मला लिहिलं.

शनिवारी मी अजूनही जाते. परवाच्या शनिवारी गर्दी ओसरल्यावर मास्तर माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि खाली पाहत म्हणाले, "एक सांगायचं होतं. शाळेत प्रयोगशाळेसाठी मदतनीस असायचा. इथे रेल्वेवाले असतात. मी आयुष्यात कधी सोल्डर केलेलं नाही."

मला आधी खरं वाटेना. मग मी टेबलावर दोन तारा ठेवल्या आणि गन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पेन्सिलसारखी धरली. सोल्डर तारेवर न बसता गोळी होऊन टेबलावर घरंगळलं. दुसरंही घरंगळलं.

"कोन चुकतोय का?" त्यांनी विचारलं. "उष्णतेचं वहन काढून पाहायला हवं."

"काही काढू नका," मी म्हटलं. "आधी तार तापू द्या. सोल्डर आपणहून येतं."

ते तार तापायची वाट पाहत बसले.